थकीत वेतन : संरक्षक कायदे

केलेल्या कामाचा पगार ठरल्या तारखेला न मिळणे, कापून मिळणे किंवा नोकरी सुटताना ‘हिशेब’ न होणे, यांविरुद्ध कामगाराला दाद मागता यावी म्हणून केलेले कायदे.

यांतला भारतातला पायाभूत कायदा म्हणजे १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम. त्याआधी गिरण्यांमध्ये दंडाला धरबंद नव्हता. विणताना डाग पडला, धागा सुटला की ते कापड विणकराच्याच माथी मारायचे आणि त्याची किंमत पगारातून वळती करायची, ही सर्रास रीत. या कायद्याने कपातीची कारणे ठरवून दिली आणि दंडाला रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा घातली. पगाराची तारीखही ठरली : हजारापेक्षा कमी कामगार असतील तर सात तारखेच्या आत, जास्त असतील तर दहाच्या आत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी वेतन संहिता, २०१९ लागू आहे. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत, रोजंदारी पाळी संपताना, आणि राजीनामा दिला किंवा काढून टाकले तर दोन कामाच्या दिवसांत, अशा तिच्या मुदती आहेत. एकूण कपात पगाराच्या निम्म्यापलीकडे जाऊ शकत नाही. दाव्याला तीन वर्षांची मुदत असून रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. ठेकेदाराने हात वर केले तर पैसे मूळ कंपनीने द्यायचे. सर्वांत कामाचे कलम मात्र वेगळेच : पगार दिला हे मालकाने सिद्ध करायचे, मिळाला नाही हे कामगाराने नव्हे. हजेरीचा कागदही हाती नसलेल्या माणसाला एरवी कोर्टात उभे राहणे कठीणच.

मालक चालू धंद्यात असेल तर हे सारे उपयोगी. गिरणीच बंद पडली तर काय, याचे उत्तर इंदूरला शोधावे लागले. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद झाली. ५,८९५ कामगारांची देणी अडकली. १९८५ च्या दुरुस्तीमुळे कंपनी कायद्यात कामगारांची देणी तारणधारक, म्हणजे मालमत्ता तारण घेऊन कर्ज दिलेल्या, बँकांच्या बरोबरीला आली होती. पण बरोबरीचा हक्क आणि हातात पैसा यांत गिरणीच्या जमिनीची विक्री आडवी येते. २००७ मध्ये उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात देण्याची रक्कम २२९ कोटी ठरली. जमिनीचा प्रश्न सुटून सुमारे २२४ कोटींचे धनादेश निघाले ते २५ डिसेंबर २०२३ रोजी. तोवर बत्तीस वर्षे लोटली होती आणि पैसे घ्यायला पुष्कळ ठिकाणी वारसच उरले होते.

आता अशी प्रकरणे २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली जातात. तीत बँकांच्या बरोबरीचा मान अवसायन (कंपनी मोडीत काढून तिची मालमत्ता विकणे) सुरू होण्याआधीच्या २४ महिन्यांच्या देण्यांनाच आहे. त्यापूर्वीची थकबाकी रांगेत खाली जाते. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी निधीतली रक्कम लिलावाच्या मालमत्तेत धरली जात नाही.