माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल नव्हे

"जंगल तुटलं म्हणून माळ उरला, आता झाडं लावा," हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकतोय. ते चूक आहे. दख्खनच्या कमी पावसाच्या पट्ट्यातले कितीतरी माळ मुळातच गवताळ, शेतीच्याही आधीचे. पायमोज्यात रुतणारं कुसळ बघा: ओल लागली की त्याचा पीळ उलगडतो, ते गरगर फिरतं आणि बी टोकाकडून मातीत शिरतं. कसलं देखणं कसब! झाडांसारखा कार्बन गवतही साठवतं, फक्त बराचसा जमिनीखाली. आणि माळढोक पक्षी? मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते; तिला दूरवरचं दिसायला हवं. तिथे ग्लिरिसिडियाची झाडं दाट लावली, तर तिने अंडं घालायचं कुठे?