ताणलेल्या तारेतील तरंगवेग (गणिते)

ताणलेल्या तारेवरून आडवा तरंग किती वेगाने धावेल, हे दोनच गोष्टी ठरवतात: तारेतला ताण आणि तिची रेषीय घनता, म्हणजे एक मीटर तारेचे वस्तुमान. वेग = √(ताण ÷ रेषीय घनता). तार जोरात छेडली तर आवाज मोठा होतो, वेग तोच राहतो. दोन्ही टोके बांधलेल्या तारेची मूळ वारंवारता वेगाला लांबीच्या दुपटीने भागून मिळते. हे नियम फ्रान्सच्या मेर्सेनने 1636 साली मांडले.

पाठ्यपुस्तके बहुधा कप्पीवरून टांगलेल्या वजनापाशीच थांबतात. ग्वाल्हेरात, जिथे 1918 साली माधव संगीत विद्यालय निघाले आणि लष्कर या भागातल्या मराठी घरांत अजून तंबोरा सापडतो, तिथे त्याच्याइतके चांगले उदाहरण नाही. समजा जोडाची, म्हणजे एकाच षड्जाला लावलेल्या मधल्या दोन तारांपैकी एक, पोलादी तार 0.9 मीटर लांब, रेषीय घनता मीटरला 0.55 ग्रॅम, आणि षड्ज 140 हर्ट्झ, म्हणजे पेटीच्या काळी एक या पट्टीच्या जवळपास. वेग 2 × 0.9 × 140 = 252 मीटर प्रति सेकंद; ताण 0.00055 × 252² ≈ 35 न्यूटन. ग्रॅमचे किलोग्रॅम करायचे राहिले तर उत्तर 35,000 न्यूटन येते. साडेतीन टनांचा भार! तंबोरा जागेवर मोडेल. उत्तर असे ताडून पाहणे सूत्र पाठ करण्यापेक्षा महत्त्वाचे.

खर्ज, म्हणजे शेवटची तार, सप्तकभर खाली, म्हणजे वेग निम्मा. तीच तार वापरली तर ताण चौथ्या हिश्श्यावर, 9 न्यूटनच्या आत येतो आणि तार लोंबते. म्हणून खर्जाला जाड पितळी तार घालतात. चौपट जड तार घेतली तर ताण 35 न्यूटनच राहतो. वर्गमुळामुळे ताणातला 1 टक्का फरक वारंवारतेत अर्धा टक्काच दिसतो. जोडाच्या एका तारेत तेवढा फरक पडला, तर दोन तारांत 0.7 हर्ट्झचे अंतर येते आणि सुमारे दीड सेकंदाला एक विस्पंद, म्हणजे आवाजाचा एक चढउतार, ऐकू येतो. तो खुंटीने घालवणे जिकिरीचे. त्यासाठीच घोडीमागचे (तारा टेकतात त्या पट्टीमागचे) सरकते मणी.

छताला टांगलेल्या जड दोराचे गणित वेगळे. तिथे ताण प्रत्येक बिंदूला खालच्या भागाच्या वजनाइतका असतो, त्यामुळे तरंग वर जाताना वेग घेतो. दोराचे वस्तुमान मात्र गणितातून निघून जाते: लागणारा वेळ 2√(लांबी ÷ गुरुत्वप्रवेग), 10 मीटरला जेमतेम 2 सेकंद.

हे सूत्र तार पातळ, लवचीक आणि टोकाला पक्की धरलेली आहे असे मानते. तंबोऱ्याच्या जवारीवर, म्हणजे घोडीच्या वक्र पृष्ठावर, तार त्या पृष्ठाला घासत कंप पावते. या वेगळेपणाकडे चं. वें. रामन यांनी 1921 मध्ये लक्ष वेधले. सूत्रातून तंबोऱ्याचा स्वर निघतो, त्याची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, निघत नाही.