लेसरचा नंदी आणि मागाचे पत्ते

आमच्या चित्रकलेच्या क्लासातला नंदी १७ तुकड्यांचा आहे. तीन एमएम प्लायचे, लेसर यंत्राने कापलेले १७ चपटे आकार. एकाची खाच दुसऱ्याच्या खाचेत आडवी सरकवायची; खिळा नाही, फेव्हिकॉल नाही. वशिंडाला तीन फळ्या, शिंगांची जोडी मात्र एकाच तुकड्यात. गड्ड्याच्या जत्रेआधी मुलांनी तो उभा केला. बघायला आलेल्या एका पालकांनी विचारलं, "सर, कापलं तर मशीननं. मग पोरांनी काय केलं?"

प्रश्न रास्त आहे. फक्त तो सोलापुरात कुणी विचारावा, याची मला गंमत वाटली.

सोलापुरी चादरीवरचा मोर विणकर हाताने काढत नाही. आधी तो ग्राफवर चौकटी-चौकटीने भरला जातो, त्या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडली जातात आणि ते पत्ते साखळीसारखे ओवून मागावरच्या जॅकार्ड नावाच्या यंत्रणेला चढवतात. भोक असलं की सुई आत जाते आणि तो धागा उचलला जातो. भोक नसलं की धागा खालीच राहतो. फ्रान्समधल्या लिऑन शहरात जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास ही युक्ती पक्की केली. पुढे १८३९ मध्ये त्याचंच चित्र रेशमात विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० पत्ते लागले. जवळून पाहिलं तरी ते छापील चित्र वाटायचं म्हणतात. आता ते चित्र कुणाचं म्हणायचं, मागाचं की ग्राफ भरणाऱ्याचं?

आमच्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी उमेदीची वर्षं पत्ते पंच करण्यात घालवली. ते एकदा नातवाला न्यायला आले. स्क्रीनवर कोरल ड्रॉ या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नंदीचा पाय मोठा करून ठेवला होता, मागे बारीक चौकटी दिसत होत्या. चष्मा वर सरकवून म्हणाले, "हे तर आमचं ग्राफच की हो." मला जे समजावायला अर्धा तास लागला असता ते त्यांनी एका वाक्यात उरकलं.

आता लेसरबद्दल. पहिला लेसर १६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियात माणकाच्या कांडीतून काढला. लाकूड कापायला मात्र तो कामाचा नव्हता. आज गल्लीतल्या दुकानात जी काचेची लांब नळी असते, ती कार्बन डायऑक्साइड लेसरची. त्याचा शोध १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत कुमार पटेल यांनी लावला. हे चंद्रकुमार पटेल जन्मले बारामतीत, १९३८ साली, आणि शिकले पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. सोलापूरहून पुण्याला जाताना भिगवणला आत वळलं की बारामती! मुलांना हे सांगितलं की वर्गात पहिल्यांदा खरी शांतता होते.

या नळीतून निघणाऱ्या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. तो डोळ्यांना दिसतच नाही. यंत्रावर दिसतो तो लाल ठिपका नुसता नेम धरण्यासाठी असतो. लाकूड, कागद, कापड, अ‍ॅक्रिलिक या गोष्टी हा किरण चटकन शोषून घेतात, म्हणून थोड्या वॉटमध्येही प्लाय जळत कापला जातो. चकचकीत धातू त्याला बराचसा परतवून लावतो. १९६७ मध्ये इंग्लंडात पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी किरणासोबत ऑक्सिजनचा झोत सोडून एक मिलिमीटर पोलादी पत्रा कापून दाखवला, तेव्हा कारखानदारांचं लक्ष तिकडे गेलं. आपल्या दुकानातही किरणाशेजारी हवेची नळी असते. ती धूर आणि ज्वाळ बाजूला सारते, नाहीतर कडा कोळशासारख्या होतात. एक गोष्ट मी बजावून सांगतो: पीव्हीसी प्लास्टिकचा तुकडा या यंत्रात कधीही घालायचा नाही, त्यातून क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो.

गावात हे यंत्र कलेसाठी आलं नाही. आलं ते ट्रॉफ्या, दारावरच्या पाट्या आणि लग्नपत्रिकांसाठी. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आली आणि गणपतीच्या मखरांसाठी एमडीएफची, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीची जाळीदार कमान दिसू लागली. माझ्या पाहण्यात तरी लेसर कटिंगच्या पाट्या त्यानंतरच वाढल्या. आमचा क्लास त्या मखरांच्या उरलेल्या तुकड्यांवर सुरू झाला, हे कबूल करायला हरकत नाही.

शिल्पाची बाजू याहून जुनी आहे. शिल्प म्हणजे दगड फोडून किंवा माती लिंपून, अशी आपली समजूत. नाउम गाबो या रशियन शिल्पकाराने १९१५ मध्ये नॉर्वेत प्लायच्या कापलेल्या फळ्या एकमेकींत बसवून माणसाचं डोकं उभं केलं. पृष्ठभाग जवळजवळ नाहीच; फळ्यांच्या कडा आणि मधल्या पोकळ्या मिळून चेहरा दिसतो. नंदीच्या वशिंडाला तीनच फळ्या पुरतात त्या याच कारणाने, उरलेली गोलाई बघणाऱ्याचा डोळा भरतो.

आणि शाळेत हातकाम? १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली ती हस्तव्यवसायातून शिक्षण म्हणून. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. आमच्या पिढीला कार्यानुभव म्हटलं की क्रेप कागदाची फुलंच आठवतात, त्यावर जास्त बोलायला नको. पण पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, आणि अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, २००२ मध्ये तिथेच उभी राहिली. लेसर कटर हे फॅब लॅबमधलं नेहमीचं यंत्र. महानगराच्या आधी ही लॅब खेड्यात पोचली.

पालकांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी तेव्हा दिलं नाही, कारण आमचा पहिला नंदी डुगडुगत होता. दुकानदाराने तीन एमएम म्हणून दिलेला प्लाय मोजला तेव्हा २.६ भरला. मुलांनी खाच काढली होती बरोबर तीनची, शिवाय किरणाने दोन्ही बाजूंनी केसभर जाळलेलं वेगळंच. चारही पाय सैल! त्या आजोबांनी घरी पडलेला एक जुना पत्ता आणून दिला. त्याच्या पट्ट्या कापून खाचेत सारल्या, तेव्हा कुठे नंदी उभा राहिला.

आता कापायला देण्याआधी सातवीतली एक मुलगी व्हर्नियरने प्लाय तीन ठिकाणी मोजते. मग २.३ पासून ३ पर्यंतच्या आठ खाचांची एक पट्टी आधी कापून घेतो. कुठली खाच हाताने दाबल्यावर बसते आणि उलटं धरलं तरी सुटत नाही, ते तीच ठरवते, आणि १७ तुकड्यांच्या फाइलमध्ये तो आकडा स्वतः भरते.