गोळी उदासीवरची, वाढ छातीची

ॲमिट्रिप्टिलीन ही ट्रायसायक्लिक, म्हणजे रेणूत तीन कड्या असलेल्या औषधांच्या गटातली जुनी गोळी. मुंबईतले डॉक्टर ती उदासीवर देतात, तशीच अर्धशिशीवर आणि मधुमेहींच्या पायांची आग शमवायलाही देतात. सोबतच्या माहितीपत्रकात बारीक टाइपात एक नोंद असते : पुरुषांमध्ये स्तनवाढ, स्त्रियांमध्ये स्तन मोठे होणे, दूध येणे. मनावरच्या औषधाचा छातीशी काय संबंध? उत्तराचा एक धागा परळच्या केईएम रुग्णालयापर्यंत जातो.

डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिथे उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन पाहिली आणि 50 रुग्णांचे निष्कर्ष 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. पुढे 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने या मुळीतून रिसर्पीन वेगळे काढले. रक्तदाब उतरायचा, पण काही रुग्ण खिन्न होत, काही स्त्रियांना दूध येई. रिसर्पीन मेंदूतल्या सेरोटोनिन, नॉरॲड्रिनलिन आणि डोपामिन या निरोप्या रसायनांचे साठे रिकामे करते, हे नंतर उलगडले. डोपामिन मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतल्या प्रोलॅक्टिनला, म्हणजे दूध आणणाऱ्या संप्रेरकाला, आवरून धरते. डोपामिन आटले की प्रोलॅक्टिन उसळते.

स्वित्झर्लंडमध्येच मनोविकारतज्ज्ञ रोलांड कून गायगी कंपनीचे इमिप्रॅमीन हे पहिले ट्रायसायक्लिक स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना देऊन बघत होते. तिथे औषध फसले, उदासीवर मात्र लागू पडले. 1957 मध्ये त्यांनी 40 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. रिसर्पीनने मलूल झालेले उंदीर इमिप्रॅमीनने तरतरीत होतात, हे दिसल्यावर तीच नव्या औषधांची चाचणी ठरली. पुढे गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रानेही नायट्रोक्झाझेपिन हे स्वतःचे ट्रायसायक्लिक घडवले. ते 1982 मध्ये भारतात विक्रीला आले. आज त्याचे नाव फारसे कुणाला आठवत नाही.

आता पेच असा, की एक औषध, रिसर्पीन, साठे रिकामे करते, दुसरे, म्हणजे ट्रायसायक्लिक, सेरोटोनिन आणि नॉरॲड्रिनलिनला पेशींबाहेर रेंगाळत ठेवते, तरी दोघांवर आरोप तोच. माणसाचे प्रोलॅक्टिन वाढ-संप्रेरकापासून वेगळे ओळखून रक्तात मोजणे 1970च्या सुमारास जमले, तोवर सगळा अंदाजच होता. सेरोटोनिन प्रोलॅक्टिनच्या स्रावाला चालना देते, म्हणून सेरोटोनिनवर जोर असलेल्या क्लोमिप्रॅमीन या ट्रायसायक्लिकवरचा संशय समजण्यासारखा आहे. त्याच गटातले अमोक्झापिन तर पेशींवर डोपामिन जिथे बसते ती ग्राहकेच थेट अडवते. ॲमिट्रिप्टिलीनविरुद्धचा पुरावा मला लेचापेचा वाटतो : प्रोलॅक्टिन बहुतेकदा फारसे हलत नाही आणि हाती आहेत त्या मुख्यतः सुट्या रुग्णांच्या नोंदी. शिवाय या गोळीने भूक आणि वजन वाढते, आणि नुसत्या चरबीनेही छाती वाढलेली दिसू शकते.

म्हणून डॉक्टर आधी बोटांनी चाचपतात. स्तनाग्राखाली रबरासारखी चकती लागली तर ग्रंथी वाढली आहे. नुसते मऊ लागले तर चरबी. ग्रंथीची वाढ ताजी असेल तर कारण दूर झाल्यावर ती बरेचदा ओसरते. वर्ष उलटले की तिथे तंतू धरतात, आणि मग गोळी बदलूनही सहसा फरक पडत नाही.