इसबगोल : आहारनियंत्रणातील वापर

इसबगोल म्हणजे प्लँटॅगो ओव्हाटा या बुटक्या, एका हंगामात जगणाऱ्या वनस्पतीचे बी. औषधात आणि आहारात मुख्यतः या बियांवरची पातळ, गुलाबीसर पांढरी साल वापरतात आणि बाजारात तिलाही इसबगोलच म्हणतात. वजन उतरवण्यासाठी जेवण आटोक्यात ठेवणारे लोक आता ती तंतूंची (फायबरची) भर म्हणून पाण्यातून घेतात. घरोघरी मात्र तिची ओळख जुनी आहे. पोट साफ होत नसेल तर ती रात्री कोमट पाण्यातून किंवा दुधातून घेतात, जुलाब होत असतील तर दह्यातून. दोन उलट तक्रारींवर एकच साल चालते, कारण ती पाणी धरून ठेवते. कडक मल तिच्यामुळे ओलसर राहतो आणि पातळ मलातले जादा पाणी ती शोषून घेते. नाव फारसीतून आले आहे. अस्प म्हणजे घोडा (संस्कृतातल्या ‘अश्व’चा हा सख्खा भाऊ) आणि गोल म्हणजे कान. होडीसारखे खोलगट, टोकदार बी तळहातावर घेतले की हे नाव पटते.

हे रब्बीचे पीक आहे. गुजरातेत मेहसाणा व बनासकांठा, राजस्थानात जालोर व बाडमेर, मध्य प्रदेशात नीमच व मंदसौर या कोरड्या पट्ट्यांत ते होते. नोव्हेंबरच्या सुमारास पेरलेले पीक फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. त्या दिवसांत पावसाची एक सर आली किंवा दाट दव पडले, तरी साल बोंडातच फुगते आणि दाणे गळून पडतात. पोटात जो गुण कामाला येतो, तोच शेतात उभे पीक हातचे घालवतो. उंझा आणि सिद्धपूर येथील गिरण्यांत बी भरडून, चाळून, वाऱ्यावर पाखडून साल वेगळी करतात. बियांच्या वजनाच्या जेमतेम पंचवीस ते तीस टक्के साल निघते. बाकीचा भाग गुरांच्या खाद्यात जातो. जगातला बहुतेक इसबगोल भारत पुरवतो आणि अमेरिका त्याचे मोठे गिऱ्हाईक आहे. तिथे 1934 पासून तो मेटाम्युसिल या नावाने डब्यांतून विकला जातो.

सालीतला मुख्य घटक अरॅबिनोझायलन ही गुंतागुंतीची शर्करा-साखळी आहे. ती पचत नाही, पण पाण्यात फुगून घट्ट, बुळबुळीत जेल बनते. चांगल्या प्रतीची एक ग्रॅम साल फुगून 40 मिलिलिटर किंवा त्याहून जास्त जागा व्यापते. मोठ्या आतड्यातले जीवाणूही हे जेल फारसे आंबवू शकत नाहीत. म्हणून इन्युलिनसारख्या तंतूंच्या मानाने वायूचा त्रास कमी होतो आणि जेल शेवटपर्यंत टिकते. पोटात ते जागा अडवते, अन्न पुढे सरकण्याचा वेग मंदावतो आणि जेवणानंतर रक्तातली साखर सावकाश वाढते. पित्ताम्लेही त्यात अडकून बाहेर पडतात. नवी पित्ताम्ले बनवायला यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल वापरते आणि ‘वाईट’ समजले जाणारे एलडीएल थोडे उतरते. या आधारावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1998 मध्ये हृदयविकाराचा धोका कमी होण्याबाबतचा दावा वेष्टनावर छापायला परवानगी दिली. त्यासाठी सालीतले 7 ग्रॅम विद्राव्य तंतू रोज पोटात जावे लागतात, म्हणजे साधारण 10 ग्रॅम साल.

वजनाच्या बाबतीत एवढी ठाम ग्वाही देता येत नाही. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2020 मधील एका आढाव्यात वजनावर लक्षणीय परिणाम दिसला नाही. 2023 मधील दुसऱ्या आढाव्यात, जेवणाआधी नियमित इसबगोल घेणाऱ्या जास्त वजनाच्या लोकांचे वजन सुमारे पाच महिन्यांत सरासरी 2 किलो उतरलेले आढळले. त्याच सुमारास समाजमाध्यमांवर त्याला ‘गरिबांचे ओझेंपिक’ म्हणू लागले, ही तुलना दिशाभूल करणारी आहे. ओझेंपिक या इंजेक्शनात असलेल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्क्यांच्या आसपास वजन घटले होते आणि ते औषध भुकेच्या संप्रेरक-यंत्रणेवर काम करते. इसबगोल चरबी वितळवत नाही. तो भूक थोडी लांबवतो, एवढेच.

डाएट करणाऱ्याला त्याचा खरा आधार मिळतो तो शौचाच्या बाबतीत. जेवण निम्मे झाले, भाकरी-पोळी सुटली, कीटोसारख्या आहारात डाळी-उसळीही बंद झाल्या, की पोटात जाणारा चोथा एकदम घटतो. चौथ्या-पाचव्या दिवशी बद्धकोष्ठता सुरू होते आणि पोट जड झाल्याने काटाही हलत नाही. अनेकांचा पथ्याचा धीर इथेच सुटतो. ही अडचण इसबगोल सहसा सोडवतो.

घ्यायचा कसा, हे जपून पाहावे. पहिल्या आठवड्यात एक छोटा चमचा पुरे. पोटाला सवय झाली की हळूहळू वाढवावा. मोठा चमचाभर साल साधारण 5 ग्रॅम भरते. ती किमान 240 मिलिलिटर, म्हणजे मोठा पेलाभर पाण्यात ढवळून घट्ट होण्याआधी लगेच प्यावी आणि वर आणखी पाणी घ्यावे. भूक आवरण्यासाठी जेवणाआधी अर्धा तास ही वेळ बरी. कोरडी साल तोंडात टाकू नये. कमी पाण्यात ती घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकते, आणि ही भीती पोकळ नाही. इसबगोलाच्या दाणेदार रेचकांतून अशा घटना घडल्यामुळे अमेरिकेने 2007 मध्ये त्या प्रकाराची विक्री बंद केली. गिळायला त्रास होणाऱ्यांनी, आतडे अरुंद झालेल्यांनी किंवा पूर्वी आतड्यात अडथळा आलेल्यांनी तो घेऊ नये. थायरॉइडच्या गोळ्या, लिथियम, कार्बामाझेपिन अशी औषधे जेलमुळे कमी शोषली जाऊ शकतात, म्हणून मध्ये दोन तासांचे तरी अंतर ठेवावे. मधुमेहाचे औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगूनच सुरू करावा. स्वाद घातलेल्या पुड्यांत अनेकदा साखर असते. डाएटसाठी साधी साल घ्यावी.

सब्जा, अळीव आणि जवस हे आपल्याकडचे असेच बुळबुळीत सोयरे. पण ती अख्खी बिये असल्याने त्यांत तेल आणि प्रथिनेही येतात, तर इसबगोलाच्या सालीत तंतूंखेरीज फारसे काही नसते. म्हणून तो धान्य-कडधान्याची जागा घेऊ शकत नाही. 100 ग्रॅम ज्वारीतून सुमारे 10 ग्रॅम तंतू मिळतात, पांढऱ्या तांदळातून 3 ग्रॅमही नाहीत. आधी ताटातला हा फरक भरून काढावा आणि उरलेल्यासाठी चमचा उचलावा. ग्लूटेन (गव्हातले चिकट प्रथिन) नसलेल्या पिठांचा पाव बांधायलाही आता बेकरीवाले ही साल वापरतात. ज्वारीच्या पिठातही ग्लूटेन नसते, पण ते गरम पाण्यात मळून भाकरी थापली जाते आणि तिथे तिची गरज पडत नाही.