सीबीसी नॉर्मल, म्हणजे किरणोत्सर्ग लागला नाही?

‘सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) नॉर्मल आला, आता काळजी नको’ हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. किरणोत्सर्गाच्या अपघातानंतर पहिल्या दिवशी तो चक्क धोकादायक ठरतो.

किरणांचा मोठा डोस बसला की पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल नावाच्या पेशी सुरुवातीला वाढतात आणि लिम्फोसाइट नावाच्या घटतात. त्यामुळे पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा ठीकच दिसू शकतो, कधी वाढलेलासुद्धा. पाहायची ती लिम्फोसाइटची प्रत्यक्ष संख्या, टक्केवारी नव्हे. आणि तीही पहिले दोन दिवस दर ६ ते १२ तासांनी. दर मायक्रोलिटरला २००० असलेली संख्या २४ तासांत १००० वर आली आणि पुढेही घसरत राहिली, तर डोस जिवावर बेतणारा असू शकतो.

डोसचा नेमका अंदाज देते ती डायसेंट्रिक चाचणी. किरणांनी तुटलेली दोन गुणसूत्रे चुकीची जुळली की सूक्ष्मदर्शकाखाली एकाऐवजी दोन सेंट्रोमिअर (गुणसूत्राचा आवळलेला भाग) असलेले, दोन ठिकाणी आवळल्यासारखे गुणसूत्र दिसते. यासाठी रक्त लिथियम हेपारिनच्या नळीत घ्यावे, नेहमीच्या ईडीटीएच्या नळीत नको (दोन्ही रक्त गोठू न देणारी द्रव्ये). नमुना गोठवला तर तो वायाच गेला, कारण पेशी जिवंत लागतात. त्या ३७ अंशांवर ४८ तास वाढवाव्या लागतात, म्हणून अहवाल त्याच दिवशी मिळत नाही. कोणाला आधी उपचार द्यायचे या तातडीच्या वर्गवारीला ५० पेशी पुरतात, ०.१ ग्रे (किरणांच्या डोसचे एकक) इतका लहान डोस ओळखायला ५०० ते १००० मोजाव्या लागतात. साध्या एका सीटी स्कॅनचा डोस याहूनही बराच कमी असतो, तो या चाचणीत दिसणार नाही.

अंगावर बसलेली किरणोत्सारी धूळही रक्तात दिसत नाही. तिच्यासाठी किरणोत्सर्ग मोजणारा मीटर अंगावरून फिरवावा लागतो.