अ‍ॅनोमली स्कॅनची वेळ

गर्भाचा एकेक अवयव तपासून जन्मजात व्यंगे शोधण्यासाठी गर्भारपणाच्या मध्यावर केली जाणारी सविस्तर सोनोग्राफी म्हणजे अ‍ॅनोमली स्कॅन. बोलीत तिला ‘पाचव्या महिन्याची सोनोग्राफी’ म्हणतात. साधारणपणे १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान ती करण्याचा प्रघात आहे. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात.

प्रसूतिशास्त्रातील श्राव्यातीत ध्वनीच्या (अल्ट्रासाऊंड), म्हणजेच सोनोग्राफीच्या, वापराचा आरंभ सामान्यतः इयान डोनाल्ड, जॉन मॅकविकार व टॉम ब्राऊन यांच्या १९५८ मधील ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या निबंधापासून मानतात. व्यंगनिदानाचा आरंभ कोठून धरावा, हे मात्र निकषावर अवलंबून आहे. गर्भारपणाच्या उत्तरार्धात डोक्याची मोठी व्यंगे दिसल्याच्या नोंदी १९६० च्या दशकातही आढळतात. पण निदानानंतर काही निर्णय घेता येईल इतक्या लवकर ते होणे, हा निकष लावला तर स्टुअर्ट कॅम्पबेल व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये नोंदवलेले, १७ व्या आठवड्यातील मस्तिष्कहीन गर्भाचे निदान हाच आरंभ ठरतो. वेळेच्या प्रश्नाच्या दृष्टीने हा दुसरा निकष अधिक सयुक्तिक वाटतो.

नेमका आठवडा कोणता, यावर एकवाक्यता नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात १८ आठवडे पूर्ण ते २० आठवडे ६ दिवस अशी मर्यादा आहे; आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ती अलीकडे २४ आठवड्यांपर्यंत सैल धरलेली दिसते. मतभेदाचे मूळ अवयवांच्या वाढीत आहे, आणि ते मेंदूत सर्वांत स्पष्ट दिसते. लहान मेंदूचे दोन गोलार्ध जोडणारा मधला भाग, म्हणजे वर्मिस, वरून खाली वाढत जाऊन चौथ्या कोष्ठावर (मेंदूतील द्रवाच्या पोकळीवर) झाकणासारखा बसतो. हे झाकण पुरते बसायला साधारण १८ ते २० आठवडे लागतात. त्यापूर्वी आडव्या छेदात दोन गोलार्धांमध्ये एक काळी फट दिसते. १६ व्या आठवड्यात ती फट स्वाभाविक असते. २१ व्या आठवड्यात तीच दिसली तर डँडी-वॉकर गटातील (वर्मिसची वाढ अपुरी राहण्याच्या) व्यंगाची शंका घ्यावी लागते. प्रोब (पोटावर फिरवायचे उपकरण) थोडा तिरका धरला गेला तरी अशी खोटी फट उमटते, म्हणून मध्यरेषेतला उभा छेद मिळाल्याशिवाय अनुभवी तपासनीस मत देत नाहीत. मेंदूच्या दोन अर्धांना सांधणाऱ्या महासंयोजी पट्ट्याचेही तसेच. त्याची अप्रत्यक्ष खूण असलेली पुढच्या भागातील द्रवाची छोटी चौकट १८ व्या आठवड्याच्या सुमारास खात्रीने दिसू लागते. त्याआधी ती दिसली नाही, तर त्याचा अर्थ लावता येत नाही. घाईने केलेल्या तपासणीतून निष्कारण भीती पदरात पडते, ती या कारणाने.

हृदयासाठी थोडे थांबणे हिताचे. चार कप्पे १८ व्या आठवड्यात दिसतात. परंतु हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्या एकमेकींना ओलांडून जातात की समांतर धावतात, हे २० ते २२ आठवड्यांत अधिक स्वच्छ कळते. आईचे वजन जास्त असल्यास ध्वनिलहरी पोटाच्या जाड थरात क्षीण होतात. तिथेही आठवडा-दोन आठवडे उशीर क्षम्य मानतात.

मग सर्वांनाच २२ व्या आठवड्यात का बोलावू नये? कारण शंका आल्यावर काम सुरू होते. गर्भजलाची तपासणी, गुणसूत्रांचा अहवाल (पेशी वाढवून केल्यास सुमारे दोन आठवडे), हृदयतज्ज्ञाचे मत, या सगळ्याला दिवस लागतात. गर्भपाताची कायदेशीर मुदत देशोदेशी वेगळी असली तरी अनेक ठिकाणी ती याच सुमारास संपत येते. मणक्याच्या उघड्या व्यंगावर गर्भाशयातच शस्त्रक्रिया करण्याचा उपयोग दाखवणारी २०११ ची चाचणीही २६ आठवड्यांपूर्वीच्या गर्भांपुरतीच होती. आईबापांना विचार करायला, दुसरे मत घ्यायला सवड मिळणे हा तपासणीचाच भाग आहे. त्यामुळे १९ आठवडे पूर्ण झाल्यावर, २० व्या आठवड्याच्या आगेमागे तपासणी करावी आणि जे नीट दिसले नाही तेवढ्यासाठी दोन आठवड्यांत पुन्हा बोलवावे, हे मत अधिक ग्राह्य दिसते.

या हिशेबाचा पाया मात्र आधीच्या सोनोग्राफीत घातला जातो. ज्यांची पाळी उशिरा येते त्यांचा कागदावरचा १९ वा आठवडा प्रत्यक्षात १७ वा असू शकतो. ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३ मध्ये मांडलेली, गर्भाच्या डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजण्याची पद्धत पहिल्या तिमाहीत वय सर्वांत अचूक सांगते. ही लांबी ८४ मिलिमीटरच्या पुढे गेली की डोक्याचा घेर वापरतात.

योग्य आठवड्यातही सर्व काही दिसत नाही. अमेरिकेतील १९९३ च्या ‘रेडियस’ चाचणीत (१५,१५१ स्त्रिया) २४ आठवड्यांपूर्वी व्यंगे ओळखण्याचे प्रमाण मोठ्या केंद्रांत सुमारे ३५ टक्के, तर इतरत्र १३ टक्के होते. १९९९ च्या ‘युरोफेटस’ अभ्यासात, जो अनुभवी केंद्रांतलाच होता, ओळखलेल्या व्यंगांचे प्रमाण सुमारे ५६ टक्के आले. यंत्रे तेव्हापासून खूप सुधारली आहेत. तरी कधी तपासले याइतकेच कोणी तपासले हे महत्त्वाचे, एवढा निष्कर्ष टिकून आहे. काही व्यंगे तर मुळात उशिराच प्रकट होतात. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या अडथळ्यातील ‘दुहेरी बुडबुडा’ बहुधा २४ आठवड्यांनंतर दिसतो, आणि अकाँड्रोप्लेझियात (बुटकेपणाच्या एका जन्मजात विकारात) हातापायांची हाडे मागे पडल्याचे त्याही पुढे लक्षात येते.

या तपासणीत वार (प्लॅसेंटा) खाली दिसल्यास ती बहुतेकदा पुढे वर सरकते. ३२ व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा पाहतात. एकाच वारेवरच्या जुळ्यांचे वेळापत्रक वेगळे असून १६ व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी तपासणी असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये २४ आठवड्यांपूर्वी निदान एक सोनोग्राफी सुचवली. २४ आठवडे उलटल्यावर प्रथमच येणाऱ्या स्त्रियांची तपासणीही करतात; हाडांच्या सावल्या आणि गर्भाची स्थिती यांमुळे ती अपुरी राहते, परंतु बाळंतपण कोठे व्हावे आणि नवजातावरील उपचारांची कोणती तयारी ठेवावी, हे तिच्यावरून ठरवता येते.